नवा लॅपटॉप, चोरीचं विंडोज आणि आपलं 'चालते ना भाऊ'

पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या घरात लॅपटॉप असेल, किंवा तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स कधी कुठल्या सेवा केंद्रात स्कॅन झाली असेल (म्हणजे आपण सगळेच आलो), तर शेवटपर्यंत वाचा.

माझ्या मोठ्या भावानं यंदा कापसाचे पैसे हाती आल्या आल्या पोरीला लॅपटॉप घेतला. पोरगी पुसदला डिप्लोमाला आहे. 42 हजारांचा लॅपटॉप. कापूस विकून 42 हजार उभे करणं म्हणजे काय, हे फुलसावंगीत कोणाला समजावून सांगायची गरज नाही. फवारणी, वेचणी, गाडीभाडं, उधारी हे सगळं चुकवून उरलेले पैसे होते ते.

दुकानदारानं खोका फोडला आणि लगेच म्हणाला, "दादा, कंपनीनं आत साधं विंडोज टाकलं आहे. मी प्रो मारून देतो. सोबत ऑफिस, फोटोशॉप, सगळं फ्री. सेटिंगचे फक्त 500." भावाला वाटलं, माणूस भला आहे. 500 दिले. एका तासात लॅपटॉप 'तयार' होऊन मिळाला.

दीड महिन्यानं पुतणीचा फोन आला. "काका, लॅपटॉप लयच हळू चालते. आन् मधातच काळी खिडकी उघडते अन् बंद होते."

मी काही इंजिनिअर नाही. पत्रकारितेची पदविका आणि वीस वर्षांची पानं लावायची सवय, एवढंच माझं भांडवल. पण पानं लावणाऱ्याला कॉम्प्युटर रोजच रडवतो, त्यामुळे थोडंफार कळतं. सेटिंगमध्ये गेलो, सिस्टिम उघडलं, त्यात ॲक्टिव्हेशन बघितलं. तिथं इंग्रजीत लिहिलेलं होतं, तुमचं विंडोज तुमच्या संस्थेच्या सेवेमार्फत ॲक्टिव्हेट झालेलं आहे.

संस्था? माझा भाऊ आयुष्यात एकाच संस्थेचा सभासद आहे, ती म्हणजे गावची सोसायटी. तिनं अजून कर्जाची यादी वेळेवर लावली नाही, ती विंडोज कुठून ॲक्टिव्हेट करणार?

भानगड अशी आहे. मोठ्या कंपन्यांत, विद्यापीठांत शेकडो कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाला वेगळी किल्ली देत बसण्याऐवजी त्यांचा स्वतःचा एक सर्व्हर असतो, तो आपल्या नेटवर्कमधल्या मशीनना परवाना देतो. हा परवाना 180 दिवस टिकतो आणि पुन्हा पुन्हा नवा होतो. चोरीचा प्रोग्राम लॅपटॉपच्या आतच असा खोटा सर्व्हर उभा करतो आणि विंडोजला फसवतो. अँटीव्हायरस अशा प्रोग्रामला ओळखतो आणि हाकलतो. म्हणून दुकानदार आधी अँटीव्हायरसचंच तोंड बांधतो. आमच्या पुतणीच्या लॅपटॉपमध्ये अख्खा सी ड्राइव्ह 'इकडे बघू नको' अशा यादीत टाकलेला होता. म्हणजे राखणदार ठेवला, पण त्याला सांगितलं की वावराकडे पाठ करून बस. मग डुकरं शिरली तर दोष कोणाला द्यायचा?

आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. ह्या लॅपटॉपसोबत खरं, परवान्याचं विंडोज आलेलं होतं. त्याचे पैसे 42 हजारांत धरलेले होते, वर 18 टक्के जीएसटी. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ही किल्ली स्टिकरवर नसते, ती मदरबोर्डच्या चिपमध्येच कोरलेली असते. तुम्ही लॅपटॉप पुसा, परत विंडोज टाका, योग्य आवृत्ती टाकली की ते स्वतः ती किल्ली वाचतं. म्हणजे माझ्या भावानं खऱ्या मालाचे पैसे दिले आणि वरून 500 रुपये तो खरा माल फेकून चोरीचा बसवायचे दिले. सोनाराकडून अस्सल पोत घ्यावी आणि त्यालाच पाचशे देऊन पितळी करून आणावी, तसंच हे झालं.

मी एका संध्याकाळी बसलो. ओळखीतल्या एका स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉल करायचं साधन उतरवलं, 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. गावच्या नेटवर ते उतरायला किती वेळ लागला ते विचारू नका. पुतणीच्या नोट्स आणि फोटो आधी दुसरीकडे काढले. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला तर डिस्कच दिसेना. मग कळलं की स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेतला, पेनड्राइव्हवर टाकला, डिस्क दिसली. सगळं पुसलं. पुढं वायफाय चालेना, आणि सेटअप म्हणे इंटरनेट द्या. मोबाईल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग केलं. मधात दोनदा लाइन गेली, बॅटरीनं लाज राखली. रात्री अकरा वाजता ॲक्टिव्हेशन उघडलं तर डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट झालेलं. खर्च शून्य रुपये.

हे सगळं मी माझी हुशारी दाखवायला सांगत नाही. माझे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत. पन्नास रुपयांच्या सीडीवरचं विंडोज आणि पेजमेकर वापरून मी वर्षानुवर्षं पानं लावली. अपडेट बंद, कारण अपडेट केलं की चोरी पकडली जाईल ही भीती. त्याची किंमत एका सकाळी मोजली. कॉम्प्युटर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावापुढं विचित्र अक्षरं, आणि इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. पैनगंगेच्या पुराचे फोटो गेले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी बसून लिहून घेतलेल्या नोंदी गेल्या. त्यातल्या काही म्हाताऱ्या माऊल्या आता हयात नाहीत. त्या नोंदी मला परत कोण देणार? 50 रुपये वाचवले होते मी.

म्हणून म्हणतो, हा प्रश्न श्रीमंत कंपनीच्या नुकसानीचा नाही. तिचं दुःख करायला तिचे वकील बसलेले आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब मध्ये चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड आहे. हे माहीत असू द्या. पण मला ह्या कायद्याचा बागुलबुवा दाखवायचा नाही. मला तुमच्या आधार कार्डाची काळजी आहे.

जरा आठवा. शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेलो, पीक विमा भरायला गेलो, पीएम किसानची केवायसी करायला गेलो, उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो. काय काय देऊन आलो? आधार, बँक पासबुक, सातबारा, फोटो, मोबाईलवर आलेला ओटीपी. ते स्कॅन कुठं जातात? कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर. 'न्यू फोल्डर 37' मध्ये. काम झाल्यावर कोणी पुसतं का? आणि त्या कॉम्प्युटरवरचं विंडोज खरं की मारलेलं, हे आपण एकदा तरी विचारलं का? पेरणीच्या बियाण्याची थैली आपण उलटीपालटी करून बघतो, लॉट नंबर बघतो, पावती मागतो. बोगस बियाण्यानं एक हंगाम जातो. चोरलेल्या आधार आणि पासबुकानं काय काय जाऊ शकतं, ह्याचा हिशोब करा.

मी कुठल्याही केंद्राचं नाव घेत नाही, आणि सगळेच असे आहेत असंही म्हणत नाही. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत सर्व्हर चालू व्हायची वाट बघत बसणारे प्रामाणिक केंद्रचालक मी बघितले आहेत. पण 'चालते ना भाऊ, काय होते त्याले' हे वाक्य मी त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे.

काय होतं, ते सांगतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलेलं होतं. ज्यांनी टाकलं नाही ते अडकले. जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्यानंही तेच भोक वापरलं. त्याचा फटका आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला, कंटेनर अडकून पडले. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या बसस्टँडजवळच्या टपरीतल्या कॉम्प्युटरची काय कथा?

आता कंपनीकडे वळतो, कारण तिलाही मोकळं सोडायचं नाही. विंडोज 10 जुलै 2015 मध्ये आलं. 14 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्याचा आधार बंद झाला. विंडोज 11 टाकायचं तर टीपीएम 2.0 नावाची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर पाहिजे. चांगले चालणारे लाखो कॉम्प्युटर एका तारखेनं म्हातारे ठरवले गेले. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट पाहिजे असतील तर कंपनीच्या खात्यात लॉगिन करा आणि सेटिंग तिच्याकडे साठवा, नाहीतर पैसे भरा. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी कंपनीला धारेवर धरलं. तिथं हे एक वर्ष ह्या साठवणुकीच्या अटीविना फुकट द्यावं लागलं. तीच कंपनी, तेच विंडोज. तिथला ग्राहक बोलला, इथला गप्प बसला.

इटलीतलं एक प्रकरण तर आपल्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी भिंतीवर लावावं असं आहे. एका माणसानं 2018 मध्ये लॅपटॉप घेतला. त्याला लिनक्स वापरायचं होतं, म्हणून त्यानं न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागितले. रक्कम होती 42 युरो. लॅपटॉप कंपनीनं टाळाटाळ केली, कोर्टात गेली, हरली, अपिलात गेली. डिसेंबर 2020 मध्ये मोंझाच्या कोर्टानं कंपनीलाच 20 हजार युरो भरपाई द्यायला लावली. 42 युरोसाठी एक ग्राहक लढतो. आणि आपण? आपण आधी पैसे देतो आणि मग तेच विंडोज पुसायचे वर 500 देतो.

मग उपाय काय? लोक म्हणतील, परवान्याचं विंडोज महाग आहे. ज्यांचा कॉम्प्युटर परवान्याशिवाय आलेला आहे त्यांच्यासाठी खरंच महाग आहे. पण फुकट आणि कायदेशीर असा रस्ता पंचवीस-तीस वर्षांपासून उघडा आहे, त्याचं नाव लिनक्स. उबुंटू, मिंट, कोणतंही घ्या. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिबरऑफिस आहे, ब्राउझर आहे. जुन्या मशीनवरही चालतं. पोराला अभ्यास करायला, अर्ज लिहायला, प्रोग्रामिंग शिकायला आणखी काय लागतं?

केरळनं हे आपल्या सरकारी शाळांत करून दाखवलं. तिथल्या शाळांचे कॉम्प्युटर मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, राज्याची काइट नावाची संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते. त्यामुळे सुमारे 3000 कोटी रुपये वाचतात, असं 2019 मध्ये त्या संस्थेनं सांगितलं होतं. केंद्र सरकारनं 2015 मध्येच सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयानं विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली 'माया' आणायचं ठरवलं. सीडॅकनं 2007 पासून 'बॉस' नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स आवृत्ती काढलेली आहे. आणि ह्या सीडॅकचं मुख्यालय कुठं आहे? पुण्यात! आपल्याच राज्यात. तरीही आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या किती गुरुजींनी बॉसचं नाव ऐकलं आहे?

आपण एमएस-सीआयटी केली. त्यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण आपल्यापैकी बहुतेक जण तिथून एकाच कंपनीच्या बटणांचा क्रम पाठ करून बाहेर पडलो. बटण जागेवरून हललं की घाम फुटतो. नोकरीसाठी सर्टिफिकेट घेतलं, कॉम्प्युटर शिकायचा राहून गेला.

आता प्रामाणिक अडचण सांगतो, नाहीतर सेवा केंद्रवाले मला धरतील आणि ते बरोबरच करतील. अंगठा घ्यायच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं. आमच्या वर्तमानपत्रांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. म्हणून त्यांना 'लिनक्स घे' म्हणणं सोपं, करणं अवघड. तिथं माझं म्हणणं एवढंच, की ज्या कॉम्प्युटरवर आपण धंदा करतो, लोकांची कागदपत्रं हाताळतो, त्याच्या परवान्याचा खर्च हा दुकानाच्या भाड्यासारखाच धंद्याचा खर्च आहे. तो करा. आणि सरकारला म्हणणं असं, की केंद्राच्या माणसाला एका दाखल्यामागं जे चिल्लर कमिशन देता त्यात तो परवाना घेऊ शकत नाही हे तुम्हालाही कळतं. मग एक तर परवाना तुम्ही द्या, नाहीतर तुमची पोर्टलं आणि अंगठ्याची मशीनं लिनक्सवर चालतील अशी बनवा. लोकांचा डेटा जपायचा 2023 चा कायदा करून ठेवला आणि तो डेटा टपरीतल्या चोरीच्या विंडोजवर सोडला, ही कुठली जपणूक?

शेवटी एक दुखरी गोष्ट लिहितो. फुलसावंगीचं नाव देशभरच्या टीव्हीवर आलं ते ऑगस्ट 2021 मध्ये. आमच्या गावचा एक चोवीस वर्षांचा पोरगा, जेमतेम आठवी शिकलेला, वेल्डिंग करता करता हेलिकॉप्टर बनवत होता. मारुती 800 चं इंजिन लावून. यूट्यूब बघून शिकलेला. चाचणीच्या रात्री मागचा पंखा तुटला, मोठ्या पंख्यावर आदळला आणि तो पोरगा गेला. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण त्याच्या जिवंतपणी त्याच्या शेजारी बसून 'हे असं नको, आधी हे तपास' म्हणणारा एक जाणकार माणूस त्याला मिळाला नाही.

ज्या गावचा पोरगा हेलिकॉप्टरला हात घालतो, त्या गावच्या पोरांना लॅपटॉपवर विंडोज किंवा लिनक्स टाकता येणार नाही, हे मला कोणी सांगू नये. हिंमत आपल्या पोरांत भरपूर आहे. नीट शिकवणारा, धोका सांगणारा माणूस नाही, म्हणून एक पोरगा जिवानिशी जातो आणि बाकीचे 500 रुपये देऊन चोरीचा माल घरी आणतात.

तर आता कामाचं बोलतो.

एक. नवा लॅपटॉप घेतला की दुकानात 'सेटिंग' करू देऊ नका. आहे ते विंडोज राहू द्या. बिलावर कोणतं विंडोज, कोणतं ऑफिस, हे लिहून घ्या.

दोन. आज घरी गेल्यावर सेटिंग, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडा. घरच्या लॅपटॉपवर 'संस्थेच्या सेवेमार्फत' असं दिसलं तर समजा, दाल में काला आहे.

तीन. पुसायच्या आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढा. डिस्कला कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन लागलेलं असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली वहीत लिहून ठेवा. ती हरवली तर डेटा देवही देणार नाही.

चार. शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीचं कुलूप कधी उघडलं होतं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनी पुढच्या बैठकीत विचारावं. विंडोज 10 वरची मशीनं असतील तर भंगारात घालायच्या आधी त्यावर लिनक्स टाकून बघू.

पाच. सेवा केंद्रात काम झालं की हक्कानं म्हणा, "भाऊ, माहे कागदं माह्यासमोर डिलीट कर." लाजू नका. कागद तुमचे आहेत.

आणि माझ्याकडून एक. येत्या एका रविवारी गावात जागा मिळाली की मी दोन पेनड्राइव्ह घेऊन बसतो, एकात विंडोज, एकात मिंट. पुतणीही येते म्हणाली. परवा तिनं तिच्या मैत्रिणीचा लॅपटॉप स्वतः पुसून नीट करून दिला, मला एकदाही फोन न करता. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आपला लॅपटॉप आणि चार्जर घेऊन या. मी करून देणार नाही, तुमच्या हातानं करून घेईन.

दुकानदार मित्रांनो, रागावला असाल तर रागवा. पण 500 रुपये घेऊन अस्सल विंडोज कसं जपायचं, अपडेट कसं ठेवायचं, मराठी कीबोर्ड कसा लावायचा हे गिऱ्हाईकाला शिकवा. लोक आनंदानं देतील. चोरीपेक्षा तो धंदा जास्त दिवस चालेल.

जागा कोण देतो, ते कमेंटमध्ये सांगा.